चिखल नसलेल्या फरशीवरची रोवणी

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातून आषाढाच्या अखेरीस आलेल्या पत्राचा हा सारांश आहे. पत्रलेखिका २६ वर्षांच्या आहेत. बंगळुरूला समकालीन नृत्याचे दोन वर्षे शिक्षण घेऊन त्या गेल्या वर्षी गावी परतल्या, आणि आता धानाच्या रोवणीवर, म्हणजे भाताची रोपे चिखलात लावण्याच्या कामावर, ४० मिनिटांची आपली पहिली स्वतंत्र नृत्यरचना बसवत आहेत. सोबत सहा जण आहेत. दोघी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत नाचतात, तिघे महाविद्यालयात शिकतात आणि एक त्यांचा चुलतभाऊ आहे. तालीम संध्याकाळी समाजमंदिरात होते. त्या लिहितात, "चार महिने झाले तरी सगळे शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या शेतकरी नृत्यासारखेच दिसते. आईने एकदा पाहिले आणि ‘असं रोवते का कोणी?’ एवढेच म्हणाली. ज्याला सांगावे तो विचारतो, याची गोष्ट काय? शिवाय बायकांच्या कष्टांवर मी टाळ्या घ्याव्यात का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. घरचे म्हणतात, हे करायचेच असेल तर पुण्याला जा."

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रासोबतचे टिपण मी तीनदा वाचले. त्यात प्रत्येक प्रसंगासमोर तुम्ही एकेका भावनेचे नाव लिहिले आहे: पहिल्या पावसाचा आनंद, कष्ट, आशा, थकवा, पुन्हा आशा. मला वाटते, अडचण इथेच आहे. तुमचे सहा जण रोवणी करत नाहीत. रोवणी करताना बाईला काय वाटत असेल, याची तुम्ही आधीच ठरवलेली उत्तरे ते चेहऱ्याने आणि हातांनी प्रेक्षकांना कळवत आहेत. आईला जे खटकले ते हेच असावे. तिचे वाक्य तुम्ही नकार म्हणून मनाला लावून घेतले आहे, पण आयुष्यातले ३०-४० पावसाळे बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, वाकून काढलेल्या बाईने तुमच्या रचनेचे केलेले ते नेमके परीक्षण आहे, आणि तशी नजर तुम्हाला बंगळुरूत किंवा पुण्यात मिळणार नाही.

रोवणीत शरीराचे नेमके काय होते ते आधी पाहू. चिखलणी केलेल्या बांधीत पाय पोटरीपर्यंत रुततो आणि चिखल तो धरून ठेवतो. तो उपसायचा तर शरीराचे सगळे वजन आधी दुसऱ्या पायावर जावे लागते, टाच किंचित वळवावी लागते, आत हवा शिरावी लागते, आणि मगच पाय सुटतो. हे होत असताना डाव्या हातात पऱ्ह्यांची म्हणजे रोपांची पेंडी असते, डावे कोपर बहुधा गुडघ्यावर टेकलेले असते, आणि उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे दोन-तीन रोपे सुटी करून, मुळाशी धरून चिखलात दाबतात. बाई मागे सरकत जाते, कारण पुढे गेली तर आपण लावलेलेच तुडवेल. म्हणजे जिथे जायचे ती जागा तिला दिसत नाही. दिसते ते फक्त झालेले काम. शेजारणीचा वेग तिला डोळ्यांनी फारसा कळत नाही, पाण्याच्या आवाजावरून आणि कुशीजवळच्या हालचालीवरून कळतो. आता हे सगळे समाजमंदिराच्या कोरड्या फरशीवर आणून पाहा. तिथे पाय कुणी धरून ठेवत नाही, त्यामुळे तो जड असल्याचे नाटक करावे लागते. मागेच सरकायला भाग पाडणारे काही नाही, त्यामुळे रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते. कारण नाहीसे झाले आणि आकार तेवढा उरला, की हालचाल खोटी दिसणारच. त्यात तुमच्या नर्तकांचा दोष नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी यवतमाळकडच्या एका गावात काही तरुणांना घेऊन मी कापसाच्या वेचणीवर एक छोटी रचना बसवली होती. हात बोंडाकडे जातो, कापूस निघतो, कमरेला बांधलेल्या फडक्यात पडतो. आम्ही ते फार सुबक केले होते. प्रयोग संपल्यावर एक म्हातारी वेचणारीण मला म्हणाली की तुमची पोरे हाताकडे पाहतात, आणि वेचताना हाताकडे कोणी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मागे कापसाच्या ओळीतून चालत गेले. तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर होते आणि डोळे पऱ्हाटीच्या पुढच्या फांदीवर पोहोचलेले होते. डोळा आधी आणि हात मागून, या दोहोंतल्या त्या एका क्षणाच्या अंतरातच वेचणीचे सगळे नृत्य होते, आणि ते आम्ही पहिल्याच दिवशी पुसून टाकले होते. ती रचना मी पुन्हा केली नाही, याची मला आजही खंत आहे, कारण ती दुरुस्त करता आली असती.

म्हणून माझी विनंती अशी की रोवणीचे चित्र काढण्याचा हट्ट सोडून द्या आणि रोवणीने शरीराला घातलेले नियम तेवढे उचला. चिखल नेऊ नका. चिखलाने जे अवघड केले ते दुसऱ्या रीतीने अवघड करा. उदाहरणादाखल एक तालीम सुचवते. प्रत्येकाच्या डाव्या मुठीत चिंचोके द्या. नियम असे: फक्त मागे सरकायचे, प्रत्येक पावलाला एक चिंचोका फरशीवर ठेवायचा, कुणाचाही चिंचोका पायाखाली येता कामा नये, आणि शेजाऱ्याचा चिंचोका टेकल्याचा आवाज ऐकू आल्याशिवाय स्वतःचा पाय उचलायचा नाही. डोके कमरेच्या वर जाऊ द्यायचे नाही. हे २० मिनिटे, न बोलता, न थांबता करा. पहिली सात-आठ मिनिटे सगळे अभिनय करतील. त्यानंतर मांड्या भरून येतील, ऐकण्यात लक्ष गुंतेल, चेहऱ्यावरचा कष्टाचा भाव गळून पडेल आणि त्याऐवजी एक रिकामी, कामात बुडालेली नजर येईल. ती नजर तुम्ही ओळखता. बांधीवर जेवण घेऊन जाताना लहानपणापासून पाहिलेली आहे.

अमेरिकन नृत्यसंरचनाकार त्रिशा ब्राउन यांची १९७१ सालची एक रचना अशाच साध्या नियमावर उभी आहे. अंगठे बाहेर काढलेल्या मुठी फिरवण्याची एक लहानशी हालचाल पुन्हा पुन्हा होते, तिला दुसरी जोडली जाते, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. भावनेचे नाव तिथे कुठेच नाही, तरी पाहणारा खिळून राहतो, कारण वाढत चाललेल्या रचनेचा भार शरीर कसे पेलते हे त्याला समोर दिसत असते. तुमच्या रोवणीतही असे वाढत जाणारे काही सापडते का ते पाहा. बांधी भरत जाते आणि उभे राहायची जागा कमी होत जाते, ही गोष्ट मला त्या दृष्टीने फार आशादायक वाटते: चिंचोक्यांनी फरशी भरत जाईल, आणि शेवटी सहा शरीरांना एका कोपऱ्यात एकमेकांना सावरत उभे राहावे लागेल.

सध्या रोवणी चालूच आहे, तेव्हा तालीम आठवडाभर थांबवून सगळ्यांनी बांधीत उतरावे. नुसते पाहायला जाऊ नका, मजुरीने रोवा. जाताना एक चौकट मनात असू द्या. रुडॉल्फ लाबान या नृत्यचिंतकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला, आणि प्रत्येक हालचाल वजन, वेळ, अवकाश व प्रवाह या चार अंगांनी पाहण्याची त्याची पद्धत तिथे कामी आली. यातले ‘वेळ’ हे अंग तुम्हाला लगेच उपयोगी पडेल. रोजीने रोवणाऱ्या बायांची लय आणि गुत्त्याने, म्हणजे ठोक मजुरीवर, बांधी घेतलेल्या टोळीची लय सारखी नसते. एकीत वेळ ढकलायचा असतो, दुसरीत वेळ वाचवायचा असतो. हाताची हालचाल तीच, पण त्या हालचालीच्या मागचा पैशाचा हिशेब बदलला की खांदे बदलतात, श्वास बदलतो, बोलणे कमी होते. तुमच्या टिपणातल्या ‘कष्ट’ या एका शब्दाच्या पोटात असे कितीतरी वेगवेगळे वेग दडलेले आहेत.

बांधीतून परत आल्यावर लगेच रचना बांधू नका, प्रश्न विचारा. जर्मनीतल्या वुप्पर्टाल शहरात १९७३ पासून काम केलेल्या नृत्यसंरचनाकार पिना बाउश यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हीच वाट धरली. त्या नर्तकांना पावले शिकवण्याऐवजी प्रश्न विचारत. नर्तक हालचालीने, एखाद्या वाक्याने, एखाद्या वस्तूने उत्तर देत. त्या टिपून ठेवत, आणि त्यातला मोठा भाग पुढे गाळून टाकत. ही पद्धत ऐकायला सोपी वाटते, पण तिचे यश प्रश्नाच्या नेमकेपणावर अवलंबून आहे. ‘थकवा म्हणजे काय ते दाखवा’ हा वाईट प्रश्न आहे, कारण त्याला पाठ असलेली उत्तरे मिळतात. ‘घरी आल्यावर सगळ्यांत आधी अंगाचा कोणता भाग जमिनीला टेकला?’, ‘रोवताना कुणावर राग आला आणि तो हातात कसा उतरला?’, ‘पायाखाली काय लागले म्हणजे तुम्ही दचकलात?’, ‘पाच जणींच्या रांगेत आपण मागे पडलो हे लपवायला काय केलेत?’ असे विचारा. प्रत्येक उत्तर तारखेसह वहीत लिहा, मोबाइलवर चित्रित करा, आणि दोन दिवस त्याकडे पाहू नका. दोन दिवसांनी वही न उघडता जे आठवेल ते बहुधा ठेवण्यासारखे असते. ६० उत्तरांतून सहा टिकली तर काम चांगले चालले आहे असे समजा. गाळताना जीव तुटतो, विशेषतः सुंदर दिसणारे गाळताना, पण पहिल्या रचनेत माणूस जे शिकतो त्यात हे गाळणेच सर्वांत मोठे असते.

झाडीपट्टीतल्या त्या दोघींबद्दल तुम्ही लिहिले आहे की त्यांच्या अंगातून ‘स्टेजचा नाच’ जात नाही. तो घालवू नका, असे मी कळकळीने सांगते. रात्रभर चालणाऱ्या नाटकात, हजारोंच्या मंडपात, शेवटच्या रांगेपर्यंत हालचाल पोहोचवण्याचे कसब त्यांनी मिळवलेले आहे. तुमच्या प्रशिक्षणात आतल्या बाजूला वळलेले शरीर शिकवले गेले असेल, त्यांचे शरीर बाहेर फेकलेले आहे, आणि या दोन शरीरांचा एका रांगेत सामना झाला तर काय होते हाच तुमच्या रचनेचा एक खरा भाग होऊ शकतो. रोवणीच्या नियमांत बांधलेली ती मुलगी अचानक मान वर करून मंडपाला शोभेल असे हसली आणि पुन्हा वाकली, तर त्या दोन क्षणांत तिच्या वर्षाचे दोन्ही हंगाम येतील: पावसाळ्यातला बांधीतला आणि दिवाळीनंतरचा रंगमंचावरचा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थांबले त्याकडे येते. तुम्ही ओघात लिहिले आहे, "आई मधेच उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि कुठेच पाहत नाही, मग पुन्हा वाकते." टिपणात मात्र या उभे राहण्याला जागाच नाही. मला तर वाटते, तुमची रचना इथून सुरू होईल. वाकलेल्या रांगेत एक शरीर सरळ होते तेव्हा ते एकदम किती उंच दिसते, हे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे. कमर लगेच सरळ होत नाही. आधी हात मांडीवर येतो, मग पाठीचा खालचा भाग, मग खांदे, आणि मान सर्वांत शेवटी. त्या उभ्या राहण्यात विश्रांती आहे, थोडी अवज्ञा आहे, मुकादमाची नजर आहे, आणि जिच्यावर दुसरे कुणीही हक्क सांगत नाही अशी थोडीशी मोकळी वेळ आहे. ४० मिनिटांत प्रत्येक जण एकदाच उभा राहील, असा नियम करून पाहा. कोण कधी उभा राहतो, दोघे एकदम उभे राहिले तर काय करतात, एक जण शेवटपर्यंत उभा राहतच नाही तेव्हा पाहणाऱ्याला काय वाटते, या प्रश्नांची उत्तरे तालमीतच मिळतील. मी इथून ती देऊ शकत नाही आणि तुम्हीही कागदावर ती शोधू नयेत.

गोष्ट काय, हा प्रश्न लोक विचारतील, आणि त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे नृत्यनाटिका म्हटले की गाणे, निवेदन आणि कथानक अपेक्षित असते. त्यांना टाळू नका. सांगा की सहा जणांना एक बांधी भरायची आहे आणि प्रत्येकाला एकदाच उभे राहता येते. एवढी गोष्ट पुरते. बाउश यांनी १९७५ साली रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर केलेल्या रचनेत रंगमंचभर माती पसरली होती. नर्तकांचे पाय तीत रुतत, कपडे मळत, दम लागलेला ऐकू येई, आणि कथेचा अर्धा भार त्या मातीनेच उचलला. महाराष्ट्रातल्या वाडा येथे १९२८ साली जन्मलेल्या चंद्रलेखा भरतनाट्यम शिकल्या, पण १९८५च्या ‘अंगिक’पासून त्यांनी दागिने, देवादिकांच्या कथा आणि चेहऱ्यावरचा अभिनय बाजूला ठेवून शरीराची मूळ बांधणी प्रेक्षकांसमोर आणली. अर्धे बसलेले मंडल त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी होते. तुमच्याकडे रोवणीचे वाकणे आहे. ते तितक्याच गांभीर्याने तपासण्याजोगे आहे. संगीताबद्दल एवढेच की निदान पहिले दोन महिने ध्वनिमुद्रित काहीही लावू नका. ढोलकी वाजली की शरीरे तिच्या मागे धावतात आणि एकमेकांना ऐकणे बंद होते.

टाळ्या घ्याव्यात का, हा प्रश्न तुमच्या पत्रातला सर्वांत जड प्रश्न आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. मला जे न्याय्य वाटते ते सांगते. ज्या बाया तुम्हाला शिकवतील, त्यांना त्या वेळेची पूर्ण रोजी द्या, चहावर भागवू नका. त्यांची नावे, त्यांची परवानगी असेल तर, कलाकारांच्या नावांसोबत त्याच आकारात लिहा. त्यांच्यापैकी कुणी रंगमंचावर येऊ इच्छित असेल तर तिला ‘खरी शेतकरीण’ म्हणून शोभेला आणू नका. तिलाही सर्वांसारखी तालीम आणि सर्वांसारखे नियम द्या. बाउश यांनी आपली १९७८ची ‘कोंटाक्टहोफ’ ही रचना २००० साली वुप्पर्टालच्या ६५ वर्षांवरील सामान्य रहिवाशांकडून करून घेतली, ती वय झालेल्यांची करुणा यावी म्हणून नव्हे. पुरेशी तालीम देऊन, तीच रचना, तेवढ्याच काटेकोरपणे. कष्टाचे दर्शन घडवून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणे तुम्हाला सहज जमेल, आणि म्हणूनच त्यापासून सावध राहावे असे मला वाटते. तुमची आई कशी थकते हे साऱ्यांना ठाऊक आहे. ती किती कसबी आहे हे फार थोड्यांनी पाहिले आहे.

पुण्याला जाण्याविषयी माझे मत असे की ही रचना पूर्ण होईपर्यंत जाऊ नये. नंतर अवश्य जा, इतरांची कामे पाहा, जमल्यास त्यांच्यासाठी नाचा. पैशांसाठी नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या दोन ठिकाणी चौकशी करावी. पण अर्ज करण्याआधी हातात निदान दहा मिनिटांचे पक्के काम असू द्या.

राहिला वेळेचा प्रश्न. झाडीपट्टीतल्या तुमच्या दोघी दिवाळीनंतर नाटकांच्या दौऱ्यावर निघतील आणि होळीपर्यंत हाती लागणार नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे श्रावण ते आश्विन एवढाच काळ आहे. श्रावणात प्रश्न आणि वही, भाद्रपदात गाळणे, आश्विनात बांधणी. कोजागिरीच्या सुमारास समाजमंदिरात पहिले सादरीकरण ठेवा आणि ते फक्त आईसाठी व तिच्यासोबत रोवणाऱ्या बायांसाठी असू द्या. खुर्च्या नकोत, त्यांना फरशीवर, रचनेच्या दोन्ही बाजूंना, धुऱ्यावर बसल्यासारखे बसवा. संपल्यावर आवडले का, असे विचारू नका. कोणाचा पाय खोटा पडला आणि कोण उगीच उभा राहिला, एवढेच विचारा, आणि त्या जे सांगतील ते तिथेच वहीत उतरवून घ्या.

तुमची,
सदरलेखिका